मधल्या ओट्याची लादी

नवं घर बांधून झालं, रंग लागला, नळाला पाणी आलं, तरी मार्थीझच्या स्वयंपाकघरातला मधला ओटा बोडकाच होता. खाली पांढरी कपाटं, रांगेने ड्रॉवर, आणि वर सुताराने तात्पुरते टाकलेले प्लायवुडचे तक्ते. सेंट अल्बन्सच्या जुन्या घरात जिने हातभर फळीवर अख्ख्या कुळाचा स्वयंपाक केला, तिला आता एवढा लांब ओटा मिळाला होता की सासू म्हणायची, "या टोकाहून त्या टोकाला मीठ मागायचं तर फोन करावा लागेल." सासूचं नाव जूझा. माल्टा सोडून मेलबर्नला येऊन तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं, पण टोमणे मारायचे ते अजून क्रेंडी गावच्या भाषेतच.

ईस्टर तोंडावर आला होता. त्याच्या आदल्या आठवड्यात मार्थीझकडे फिगोल्ली व्हायच्या. बदामाचं सारण भरलेले मासे, कोकरं, हृदयं. वर साखरेचा रंगीत लेप. नणंदा, भावजया, पोरंसोरं सगळी जमत आणि पीठ घरभर होई. यंदा हे सगळं नव्या ओट्यावर करायचं, असं तिने उत्साहाच्या भरात सगळ्यांना सांगून टाकलं होतं. तेच चुकलं. आता जो तो एकच विचारी, ओटा कशाचा करणार?

विचारणाऱ्यांचा तरी काय दोष? घरचा धनी पाथरवट. मार्थीझच्या नवऱ्याने, विस्तिनने, या शहरातल्या निम्म्या श्रीमंतांचे ओटे स्वतःच्या हाताने कापले होते. आणि त्याच्याच घरात प्लायवुड! विस्तिनला विचारलं की तो म्हणे, "बघतोय मी. तुम्ही नका डोकं चालवू." एवढं बोलून खोकायचा आणि बाहेर जायचा.

मार्थीझला हवा होता तो पांढरा, कारखान्यात केलेला दगड. गारगोटीचा बारीक चुरा राळेत कालवून, दाबून त्याच्या लाद्या करत. डाग पडत नाही, चरा उमटत नाही, दुधासारखा दिसतो. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत हाताखाली माणूस ठेवण्याची ऐपत नव्हती, तेव्हा लादीचं दुसरं टोक मार्थीझच धरायची. एकदा समुद्राकाठच्या एका बड्या घरात असाच लांबलचक पांढरा ओटा त्यांनी बसवला. मालकीण बाहेर गेली होती. मार्थीझने इकडेतिकडे पाहिलं आणि वाकून सरळ त्या ओट्यावर गाल टेकवला. उन्हाळ्याचे दिवस, अंगाची लाही झालेली, आणि तो दगड गार. विस्तिन दारातून बघत होता. म्हणाला, "तुझा असाच करीन. मी स्वतः कापीन. मध्ये सांधासुद्धा नाही." ती तेव्हा लाजली होती. पण विसरली नव्हती, आणि दर दोन-चार वर्षांनी त्याला आठवण करून द्यायलाही विसरली नव्हती.

आता तो दगडच बंद झाला होता. त्याच्या धुळीने पाथरवटांची फुप्फुसं निकामी व्हायला लागली, चाळिशीतले गडी जिना चढेनात, तेव्हा सरकारने कायदा करून टाकला. बनवायचा नाही, विकायचा नाही, कापायचा नाही, बसवायचा नाही. विस्तिनने आपला कारखाना गुंडाळला आणि एका दुकानात गाडी चालवायची नोकरी धरली. त्याबद्दल तो कधी काही बोलला नाही. लोकांनाही वाटलं, सुटला बिचारा.

म्हणून मग मार्थीझ नणंदेला, कॉनीला, घेऊन दुकानं पालथी घालत होती. ग्रॅनाइट पाहिला तर कॉनी म्हणाली, "थडगं वाटतंय, वर नाव कोरून घे." संगमरवर सुंदर होता, पण लिंबाचा एक थेंब पडला की कायमचा डाग, आणि यांच्या घरात लिंबू, टोमॅटो नि वाइन यांशिवाय पानच हलत नाही. स्टीलचा पाहून दोघींना हॉस्पिटल आठवलं. लाकडाला दरसाल तेल पाजायचं. भट्टीत भाजलेल्या पातळ लाद्या होत्या, पण त्यांची कड पातेल्याच्या धक्क्याने उडते, असं विकणाऱ्यानेच कबूल केलं. राहता राहिला लॅमिनेट.

"भाड्याच्या घरात असतो तो?" मार्थीझ म्हणाली.

"आता पूर्वीसारखा नाही राहिला गं. हा बघ, संगमरवरासारखाच दिसतो."

"दिसतो. असतो का?"

तरी तिने तळहाताएवढा एक नमुना पर्समध्ये टाकला. फुकट होता म्हणून.

लादी सापडली ती बरण्या शोधताना. जुन्या घरातून आणलेली खोकी गॅरेजच्या मागच्या खोलीत रचली होती. त्यांच्यामागे भिंतीला काहीतरी प्रचंड उभं केलेलं, लाकडी घोड्याला पट्ट्यांनी आवळलेलं, आणि त्यावर मार्थीझच्या लग्नातली निळी गोधडी टाकलेली. आपली गोधडी इथे कशाला आली म्हणून तिने ती ओढली.

पांढरीशुभ्र. खूप आत कुठेतरी राखाडी धुरकट रेघ. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसंध.

खरं तर तिला आधी भीती वाटायला हवी होती. आधी वाटला तो आनंद. हात आपोआप पुढे गेला आणि त्या गारव्यावर टेकला. ठेवली त्याने माझ्यासाठी, तिला वाटलं. मग हळूहळू एकेक गोष्ट ध्यानात येऊ लागली. सुताराला ओट्याची लांबी सांगताना विस्तिन बोटभरही इकडेतिकडे व्हायला का तयार नव्हता. ओटा लादीच्या मापाने बांधला होता. पलीकडे कोपऱ्यात पाण्यावर चालणारी कापायची करवत होती, हातातलं घासयंत्र होतं, आणि खिळ्याला एक जुना मास्क, मळून काळा झालेला. हे सगळं कारखान्याबरोबर विकून आलो, असं त्याने तिला सांगितलं होतं.

तिने गोधडी पुन्हा होती तशी घातली आणि बरण्या न घेताच घरात आली.

दुसऱ्या दिवशी साल्वु आला. साल्वु विस्तिनचा जुना भागीदार. दोघांनी एकाच गाळ्यात, एकाच धुळीत उमेदीची वर्षं काढलेली. एके काळी ग्रॅनाइटचा तुकडा एका हाताने उचलून दुसऱ्या हाताने सिगारेट पेटवायचा हा माणूस. आता मागे चाकांवर ऑक्सिजनची नळकांडी आणि नाकात नळी. पायरी चढून झाल्यावर तो बराच वेळ चौकट धरून उभा राहायचा, आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे न पाहता काहीतरी बोलत राहायचं, असा घरातला शिरस्ता पडला होता.

विस्तिन कामावर होता. मार्थीझने कॉफी ठेवली, चीज भरलेल्या गरम पास्तिझ्झी पुढे केल्या.

"अजून प्लायवुडच?" साल्वुने ओट्यावर टिचकी मारली. "लोक हसतील पोरी."

"हसू देत. साल्वु, एक विचारू? खोटं बोललास तर कॉफी परत घेईन."

"प्यायलो की मी."

"तपासणीला गेला होतात ना तुम्ही दोघं. फुकटची, सरकारची. विस्तिनचं काय सांगितलं त्यांनी?"

साल्वुने कप खाली ठेवला. उत्तर द्यायला त्याला नेहमीच वेळ लागायचा, पण हा वेळ श्वासासाठी नव्हता, हे तिला कळलं.

"तुला काय म्हणाला तो?"

"सगळं छान आहे म्हणाला. डॉक्टर म्हणे, घोड्याची छाती आहे."

"घोड्याची नाही, गाढवाची," साल्वु म्हणाला. "आत आलाच नाही तो. मला दारापाशी सोडलं, म्हणाला, गाडी लावून येतो. मी तासाभराने बाहेर आलो तर गाडीतच बसलेला. स्टिअरिंग धरून. मी म्हटलं, चल, अजून वेळ आहे. तर म्हणतो, ईस्टरनंतर." थोडं थांबून, नळी नीट करून तो म्हणाला, "माझ्याकडून शपथ घेतली होती. मोडली. माझं आता तो काय वाकडं करणार आहे?"

त्या दिवशी संध्याकाळी विस्तिन घरी येईपर्यंत मार्थीझने भांडण मनात तीन वेळा भांडून घेतलं होतं. पण तो आला, हात धुतले, सूप पुढे ओढलं, आणि तिला ठरवलेलं काहीच आठवेना.

"डॉक्टर काय म्हणाला होता रे, घोड्याची छाती?"

"हं."

"कुठला डॉक्टर? गाडीतला?"

चमचा वाटीतच राहिला. जूझा म्हातारीने एकदा मुलाकडे, एकदा सुनेकडे पाहिलं, आपली वाटी उचलली आणि टीव्हीच्या खोलीत निघून गेली. एरवी ती भांडण सोडून उठणाऱ्यांतली नव्हती.

"साल्वुच्या तोंडाला फडकं बांधायला हवं," विस्तिन म्हणाला.

"त्याच्या नाकाला काय बांधलंय ते दिसतंय मला. आणि गॅरेजात गोधडीखाली काय आहे तेही पाहिलंय मी."

तो चिडला नाही. उलट त्याचा चेहरा लहान मुलासारखा पडला. "तुला आधी दाखवायची नव्हती," तो म्हणाला. "बसवल्यावर दाखवायची होती."

"विस्तिन, तो गुन्हा आहे."

"कोण बघायला येतंय? माझं घर, माझा ओटा. एका बंद पडलेल्या गोदामातून उचलली. अशी लादी आता पुन्हा होणार नाही. एक लादी, मार्थीझ. पाण्याखाली कापीन. नळाचं भोक आणि कडा तेवढ्या कोरड्या घासायच्या."

"साल्वुनेही एकेकच कापली होती. सगळ्या एकदम नव्हत्या कापल्या."

"साल्वुची छातीच कमजोर. त्याचा बाप शिंपी होता." विस्तिनने हात झटकला. "माझ्या आजाने जन्मभर क्रेंडीच्या खाणीत दगड कापला. दुपारी भाकरीवर इतकी धूळ बसायची की फुंकून खायचा. नव्वदीला गेला, तोही अंजिराच्या झाडावरून पडून. माझा बाप तसाच. आमच्या घरात दगडाने कोणी मेलं नाही."

हे ती लग्न झाल्यापासून ऐकत आली होती. सगळ्या कुळाला ते पाठ होतं. खाणवाल्यांची पोरं, दगड यांना काय करणार, असं बाप्तिस्म्याच्या जेवणातसुद्धा कोणीतरी म्हणायचंच. तीही म्हणायची.

"तो दगड वेगळा होता रे," ती म्हणाली. "आपल्याकडचा पिवळा. मऊ. करवतीने कापायचे, नखाने उकरला जायचा, तूच सांगतोस. चुना होता तो. ही गारगोटी आहे. आजाच्या छातीवर याचा हिशेब करू नकोस."

"झालं? आता तूही डॉक्टर झालीस?"

"मला ती लादी नको."

"सोळा वर्षं तीच मागत होतीस!"

ते खरं होतं. विस्तिन खोकत खोकत उठला. दारात थांबून म्हणाला, "रविवारी कापणार. कोणी हात लावायला आलं नाही तरी एकटा कापणार." सूप तसंच राहिलं.

एकटा म्हणजे काय, हे पाथरवटाच्या बायकोला समजावून सांगावं लागत नाही. एवढी लादी अंगावर आली तर माणूस चिलटासारखा चिरडला जातो. या धंद्यात धुळीच्या आधीपासून माणसं मरत आली ती अशीच.

रविवारी सकाळी कॉनी आली आणि आईला चर्चमध्ये मिस्साला घेऊन गेली. मार्थीझसुद्धा तयार झाली होती. निळा झगा, पायात चर्चला घालायचे बूट. ऐन वेळी म्हणाली, डोकं दुखतंय. गाडी गल्लीच्या टोकाला वळते न वळते तोच गॅरेजचं दार वर सरकल्याचा आवाज आला. ती तशीच धावत गेली.

साखळीच्या कप्पीने उचलून विस्तिनने लादी दोन चाकांच्या गाडीवर उभी केली होती. पट्टे सोडलेले. एका हाताने वरची कड धरून, दुसऱ्याने ढकलून तो बघत होता. गाडी उंबऱ्यापाशी अडली आणि ती भलीमोठी पांढरी भिंत वरच्या वर डुलली. 

"थांब!" ती म्हणाली. "एकट्याने नको. मी धरते."

त्याने वळून पाहिलं. त्याला इतकं बरं वाटलं की ते बघून तिला रडू यायला लागलं.

"मागचं टोक घे," तो म्हणाला. "बूट घसरतील ते, सांभाळ. आठवतंय ना सगळं?"

"आठवतंय."

"सांग बघू."

पहिल्या वर्षी तो रोज सकाळी तिच्याकडून हे म्हणून घ्यायचा. "लादी उभीच न्यायची. आडवी केली की आपल्याच वजनाने मोडते," तिने सांगितलं. "आणि पडायला लागली तर सोडायची. मागे व्हायचं. हात घालायचा नाही."

"का?"

"दगड तू दुसरा आणशील. हात कुठून आणणार?"

"शाब्बास," विस्तिन म्हणाला, आणि ते दोघं चालू लागले.

तो पुढे, उलटा चालत. ती मागे. दोघांचे हात वरच्या कडेवर. उंबऱ्यावर टाकलेल्या फळीवरून चाकं वर चढली, खाली उतरली. हाताखाली दगड तसाच गार होता. आपण नक्की काय करणार आहोत, हे मार्थीझला अजूनही ठाऊक नव्हतं. लादी बाहेर पोचेपर्यंत त्याला एकदा विचारू, विनवू, असं काहीतरी तिच्या मनात होतं. मागच्या अंगणात पोचले तेव्हा तिला दोन गोष्टी दिसल्या. टेबलावर मांडलेलं घासयंत्र, आणि विस्तिनच्या गळ्यात तो काळा पडलेला मास्क. आणि तिसरी ऐकू आली. एवढंसं चालून त्याच्या छातीतून बारीक शिटी वाजत होती. कित्येक महिने रात्री उशाशी ती हीच शिटी ऐकत आली होती, आणि घोरतोय म्हणून कूस बदलून झोपत आली होती.

तिने उजवीकडे पाहिलं. मोकळी फरशी, कुंपणापर्यंत कोणी नाही, काही नाही.

"विस्तिन, थांब जरा."

"दमलीस?"

"मी सोडतेय."

"काय?"

"मी लादी सोडतेय. तू बाजूला हो."

त्याला आधी गंमत वाटली असावी, कारण तो हसला. मग तिचा चेहरा पाहिला आणि हसू गेलं. "वेडी झालीस का? मार्थीझ, धर. धर म्हणतो ना! येशू-मारिया, ती अंगावर येईल!"

"म्हणून सांगतेय. हात काढ."

तिने लादी मोकळ्या बाजूला रेटली आणि दोन्ही हात काढून घेतले.

लादी लगेच पडली नाही. ती अंगणात जणू विचार करत उभी राहिली आणि मग उजवीकडे कलायला लागली. आणि मार्थीझने ज्याचा विचारच केला नव्हता ते झालं. विस्तिन त्याच बाजूला धावला. ज्याने आयुष्यभर हाताखालच्या पोरांना सांगितलं, हात घालायचा नाही, त्याने पडत्या लादीला खांदा लावला.

"सोड!" ती किंचाळली.

त्याने दात आवळले होते. मानेच्या शिरा तटतटलेल्या. लादी त्याच्या खांद्यावर थांबली होती आणि त्याचे गुडघे हळूहळू वाकत होते. तोंड उघडं होतं, पण त्यातून श्वास आत जात नव्हता. तिने पुढे होऊन मदत करायची म्हटली तर दोघंही खाली जाणार होते. ती जागची हलली नाही. असा जीव कधी कोणाचा टांगणीला लागू नये.

"विस्तिन, तुझाच नियम आहे! दगड दुसरा मिळेल रे! मला हा नवरा कुठून मिळणार? सोड!"

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग खांदा काढला आणि स्वतःला मागे झोकून दिलं.

एवढा आवाज झाला की पलीकडच्या घरातला कुत्रा भुंकता भुंकता गप्प झाला. लादीचे चार-पाच मोठे तुकडे झाले, बाकीचा भुगा फरशीवर उधळला, आणि त्यावर पातळ पांढरी धूळ उठली. मार्थीझने चर्चचा झगा तसाच वर ओढून त्याच्या तोंडावर दाबला आणि त्याला बखोट्याला धरून फरफटत कुंपणाच्या दारापर्यंत नेलं. तिथून नळी आणून लांबूनच पाणी सोडलं. धूळ बसली. 

विस्तिन उलट्या बादलीवर बसला होता. श्वास पुरत नव्हता. कोपरं गुडघ्यांवर टेकून, खांदे वर करून, साल्वु बसतो तसाच बसला होता. ती त्याच्यापुढे ओल्या फरशीवर बसली आणि त्याची पाठ चोळत राहिली.

"मोडलीस," तो म्हणाला.

"हो."

"मला माहीत होतं गं." त्याने तुकड्यांकडे पाहिलं नाही. "जिना चढताना थांबावं लागतं ते मला कळत नाही का? आजाचं काय, आजाचं आपलं लोकांना सांगायला." तो थांबला, श्वास घेतला. "आत गेलो असतो आणि त्यांनी सांगितलं असतं, तर त्या दिवसापासून दगडाला हात लावता आला नसता. तू लावू दिला नसतास. तुझा ओटा राहून गेला असता. म्हणून म्हटलं, आधी तेवढा कापून घेऊ. मग सांगू दे त्यांना काय सांगायचं ते."

मार्थीझला त्याचा राग आला, इतका की त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. त्याहून जास्त स्वतःचा आला. दर दोन-चार वर्षांनी आठवण करून दिली होती ना? तिने त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरून आपल्या खांद्यावर ओढलं आणि मोठमोठ्याने रडली. मिस्साहून परत आलेली जूझा कुंपणाच्या दारात येऊन उभी राहिली. फुटलेली लादी, भिजलेली सून, बादलीवर बसलेला मुलगा, सगळं तिने पाहून घेतलं. एकही टोमणा न मारता ती आत गेली आणि कॉफी ठेवली.

हॉस्पिटलात या वेळी गाडी कॉनीने लावली, आणि मार्थीझ त्याचा दंड धरून आतपर्यंत गेली. छातीचे फोटो निघाले, नळीत फुंकून झालं. डॉक्टरीणबाई तरुण होती, पण तिने काही लपवलं नाही. डाग होते. बारीक, दोन्हीकडे. ते आता जाणार नव्हते, पण धूळ इथेच थांबली तर कदाचित तेही आहेत तिथेच थांबतील. साल्वुसारखं होईलच असं नाही, होणारच नाही असंही नाही.

"या दगडाला शेवटचा हात कधी लावलात?" तिने विचारलं.

"रविवारी," विस्तिन म्हणाला. मग बायकोकडे पाहून म्हणाला, "शेवटचा हात हिने लावला."

बाहेर आल्यावर मार्थीझने पर्समधून तो लॅमिनेटचा नमुना काढून त्याच्या हातात ठेवला. त्याने तो उलटसुलट केला, नखाने ओरखडून पाहिला, नाक मुरडलं.

"पुठ्ठा आहे हा."

"आहेच."

"सांधा?"

"एवढी लांब फळी एकसंध मिळते. विचारून आलेय."

"मग घे," तो म्हणाला.

ओटा ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी बसला. दुकानातून दोन माणसं फळी घेऊन आली. फिगोल्लीचं पीठ भिजवून तयार होतं, नणंदा-भावजया पुढच्या खोलीत कलकलाट करत होत्या, आणि जूझा खुर्ची टाकून कामगारांवर देखरेख करत होती. "अहो, पाथरवटाच्या घरात पुठ्ठा बसवताय, नीट तरी बसवा," तिने त्यांना ऐकवलं. साल्वु आपली नळकांडी घेऊन अंगणात उन्हाला बसला होता.

एका टोकाला फळी केसभर लांब निघाली. माणसाने करवत काढली आणि म्हणाला, "थोडा भुसा उडेल हं." विस्तिन बाजूलाच उभा होता. मार्थीझने तोंड उघडायच्या आत तो वळला, काचेचं दार सरकवून अंगणात गेला, आणि बाहेरून दार स्वतः घट्ट लावून घेतलं. आजवर कुठलंही यंत्र सुरू झाल्यावर तो खोलीबाहेर गेलेला तिने पाहिला नव्हता.

करवत थांबली. भुसा पुसून झाला. पांढरा, करड्या रेघांचा, लांबच लांब ओटा. काचेपलीकडून विस्तिनने हनुवटी उडवून विचारलं, कसा आहे?

मार्थीझने इकडेतिकडे पाहिलं नाही. सगळ्यांच्या देखत वाकली आणि ओट्यावर गाल टेकवला. गार नव्हता. अंगणात विस्तिनला हसू फुटलं, मोठं, खांदे हलवणारं. गाल तसाच ठेवून ती त्याच्या छातीकडे बघत खोकल्याची वाट पाहत राहिली. खोकला आला नाही. मग तिने डोकं उचललं आणि पीठ आणायला सांगितलं.